विदर्भातल्या गावातून मुलींच्या राष्ट्रीय आइस हॉकी स्पर्धेपर्यंत

आइस हॉकीचं नाव काढलं की गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आपल्याकडं बर्फ कुठाय?" प्रश्न बरोबर आहे. पण या खेळाच्या तयारीत बर्फ सगळ्यात शेवटी येतो. तोल सांभाळणं, गुडघ्यात वाकून वेग घेणं, वळणं, थांबणं, काठीनं चकती (या खेळात चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते) ताब्यात ठेवणं, हे सगळं सिमेंटच्या ओट्यावर चाकांचे स्केट घालून शिकता येतं. भारतात लडाख आणि हिमाचलबाहेरच्या बऱ्याच खेळाडू चाकांवरूनच बर्फावर गेल्या आहेत. म्हणून हा लेख वर्धा, यवतमाळ, गोंदिया किंवा गडचिरोलीच्या एखाद्या गावातले पालक आणि क्रीडाशिक्षक डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. मुलगी साधारण दहा ते पंधरा वर्षांची आहे आणि स्केट तिनं अजून पायात घातलेले नाहीत, असं धरून चालतो.

आधी स्पर्धा समजून घ्या

देशात आइस हॉकीचा कारभार भारतीय आइस हॉकी संघटना पाहते. १९८९ पासून भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे. भारताचा महिला संघ पहिल्यांदा मैदानात उतरला तो २०१६ मध्ये, तैपेईतल्या आशियाई चॅलेंज कपमध्ये. त्या वर्षी सगळे सामने हरले, पण पुढच्याच वर्षी बँकॉकला फिलिपाइन्सला ४-३ नं हरवून पहिला विजय मिळवला. २०२५ मध्ये अल ऐनच्या आशिया चषकात याच संघानं कांस्यपदक आणलं. संघात बहुतेक मुली लडाखच्या आहेत. गोठलेल्या तळ्यांवर, भावांचे जुने स्केट घालून त्या खेळायला शिकल्या. हे मुलींना नक्की सांगा. साधनं अपुरी असताना नऊ वर्षांत कुठवर जाता येतं, ते त्यातून कळतं.

राष्ट्रीय स्पर्धा प्रामुख्यानं लेहमध्ये होतात, हिमाचलमध्ये स्पीतीतल्या काझालाही झाल्या आहेत. बर्फ बहुतांशी नैसर्गिक असल्यामुळे हंगाम फार छोटा असतो: डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीची सुरुवात. बर्फ पक्का झाला की तारखा ठरतात, आणि थंडी उशिरा पडली की तारखा सरकतात. त्यामुळे परिपत्रक उशिरा हातात येतं आणि धावपळ होते. ज्यांची कागदपत्रं आणि वैद्यकीय तपासणी दिवाळीपर्यंत तयार असते, त्यांनाच हा वेग झेपतो. याशिवाय २०२० पासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा होतात. त्यातला आइस हॉकी आणि आइस स्केटिंगचा टप्पा अलीकडे लेहला होतो आणि महाराष्ट्राच्या स्केटरांनी तिथे पदकं मिळवली आहेत.

दुसरी वाट चाकांची. रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया दर वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा घेते. त्यात रोलर हॉकी आणि इनलाइन हॉकी हे दोन्ही प्रकार असतात, मुलींचे वेगळे वयोगट असतात. रोलर हॉकी चार चाकांच्या जुन्या पद्धतीच्या स्केटवर, चेंडूनं खेळतात. इनलाइन हॉकीत चाकं एका रेषेत असतात, खेळ चकतीनं होतो आणि काठी आइस हॉकीसारखीच असते. बर्फावर जायचं असेल तर इनलाइन निवडा, त्यातलं जवळजवळ सगळं शिक्षण पुढे कामाला येतं.

माझं मत स्पष्ट आहे. पहिली दोन वर्षं इनलाइन हॉकीची जिल्हा आणि राज्य स्पर्धा हेच ध्येय ठेवा. ती बर्फाची दुय्यम पायरी नाही, स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा असलेला पूर्ण खेळ आहे. एखादी मुलगी तिथेच रमली, तरी तिनं काही गमावलेलं नसतं.

जागा

रिंक, म्हणजे स्केटिंगचं खास मैदान, नसली तरी चालते, खड्डे नसलेलं गुळगुळीत सिमेंट पाहिजे. खेड्यात अशा जागा असतात, त्यांच्याकडे या नजरेनं कोणी पाहिलेलं नसतं एवढंच. बाजार समितीचे लिलावाचे ओटे, शाळेचं प्रार्थनेचं पटांगण, समाजमंदिराचा सभामंडप, तालुका क्रीडा संकुलातलं बास्केटबॉलचं मैदान. यांत बाजार समितीचा छत असलेला ओटा सगळ्यात चांगला, कारण पावसाळ्यातही सराव बंद पडत नाही. मात्र कापूस-सोयाबीनची आवक सुरू झाली की ऑक्टोबरपासून तो मिळणार नाही, हे आधीच धरून चाला. परवानगीसाठी मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र बाजार समितीच्या सचिवांना द्या. पत्रात वेळ, मुलींची संख्या आणि सोबत कोण मोठं माणूस असेल ते लिहा. ओटा जमिनीपासून उंच असेल तर कडेला कोणतंही पोर वेगात जाऊ नये म्हणून कडेपासून दोन मीटर आत दोर बांधा किंवा भरलेली पोती ठेवा. हे केल्याशिवाय पहिला सराव घेऊ नका.

उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत सराव संपवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यात हेल्मेट-पॅड घालून पोरी पळवणं धोक्याचं आहे. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत पॅडशिवाय, फक्त काठीचा आणि पायांचा व्यायाम ठेवला तर उत्तम.

मुली आणि चाकं

मुली निवडताना खो-खोच्या पोरींकडे आधी बघा. गुडघ्यात वाकून वेग घेणं आणि एका झटक्यात दिशा बदलणं त्यांच्या अंगात असतं. स्केटिंग शिकवता येतं, ती चपळाई शिकवायला जास्त वेळ लागतो. इनलाइन हॉकीत एका वेळी चार खेळाडू आणि एक गोलरक्षक असतात, म्हणजे दहा मुली जमल्या तरी सराव सामना होतो.

स्केट घेताना घाई करू नका. बाजारात खेळण्यासारखे, कमी-जास्त करता येणारे, प्लास्टिकच्या फ्रेमचे स्केट स्वस्तात मिळतात. ते महिनाभरात वाकतात आणि घोटा मुरगळतो. बूट घोट्याला घट्ट धरणारा आणि फ्रेम ॲल्युमिनियमची पाहिजे. आपल्याकडचं सिमेंट खरबरीत असतं, त्यावर रिंकची मऊ चाकं झिजून जातात, म्हणून उघड्यावरच्या वापराची कडक चाकं मागा. नागपूर, अमरावती, अकोल्याच्या स्केटिंग क्लबमध्ये मुलांचे पाय वाढले की चांगले स्केट पडून राहतात. तिथल्या प्रशिक्षकांना फोन करा, जुने पण दर्जेदार स्केट नव्या स्वस्त स्केटपेक्षा कितीतरी बरे. पैसे लागणारी खरेदी कापूस-सोयाबीनचे पैसे हातात येतात तेव्हा, म्हणजे दिवाळीच्या आसपास ठरवा. जूनमध्ये बी-बियाण्याच्या तोंडावर पालकांकडे स्केटची मागणी करणं योग्य नाही.

शिकवण्याचा क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी पडायला शिकवा: गुडघ्यात वाकून, बाजूला, हात मुठीत घेऊन. ज्या मुलीला पडायची भीती उरत नाही ती आठवडाभरात सुटते. मग उभं राहणं, बदकासारखे पाय बाहेर वळवून चालणं, एका पायावर घसरत जाणं. एका पायावर दहा आकडे म्हणेपर्यंत तोल टिकला की पुढे जा. त्यानंतर थांबणं, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी पाय ओलांडून वळणं, आणि मागे स्केटिंग. मागे जाणं बहुतेक ठिकाणी शिकवायचं राहून जातं, आणि बचावात नेमकं तेच लागतं. काठी हातात द्यायची ती यानंतर. तोल नसताना काठी दिली तर मुलगी तिच्यावर टेकून उभी राहायला शिकते आणि ती सवय सुटता सुटत नाही.

काठीची लांबी मोजायची सोपी रीत आहे: अनवाणी उभं राहून काठी सरळ धरली तर टोक नाकापाशी यावं, स्केट घातल्यावर हनुवटीपाशी. घरी सराव करायला फरशीचा तुकडा आणि लाकडी चेंडू पुरतो. नजर खाली न ठेवता चेंडू इकडून तिकडे हलवत राहायचं. रोज पंधरा मिनिटं, बस्स.

नियम, थोडक्यात

बर्फावर प्रत्येक संघाच्या सहा जणी असतात, पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. संघात मात्र वीसच्या आसपास मुली लागतात, कारण पूर्ण वेगानं पाऊण मिनिट खेळलं की दम संपतो आणि खेळ चालू असतानाच बदली घ्यावी लागते. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत होतो, कमी वयाच्या गटांत वेळ कमी असू शकते. चकती कडक रबराची, साडेसात सेंटिमीटरच्या आसपास व्यासाची, अडीच सेंटिमीटर जाड आणि दीडशे ग्रॅमहून थोडी जड. आपल्या मैदानी हॉकीत काठीची एकच बाजू वापरतात, इथे दोन्ही चालतात. चकती पायानं अडवता येते, लाथ मारून गोल करता येत नाही. चकतीच्या आधी निळी रेषा ओलांडून समोरच्या भागात शिरलं की ऑफसाइड. आपल्या अर्ध्या भागातून चकती सरळ पलीकडच्या गोलरेषेपार मारली तर आइसिंग, खेळ पुन्हा आपल्याच टोकाला सुरू होतो. साध्या चुकीला दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं आणि तेवढा वेळ संघ एका खेळाडूनं कमी असतो. मुलींच्या खेळात अंगावर जाऊन धडक देण्याला परवानगी नाही. घरच्यांना ही शेवटची गोष्ट आवर्जून सांगा, त्यांची अर्धी काळजी तिथेच मिटते.

कागद

मुलगी खेळात कितीही तरबेज असली तरी जन्मदाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ती अडकते. कोणाचं आडनाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. कोणाची जन्मतारीख शाळेत घालताना अंदाजानं लिहिलेली. दुरुस्तीला महिने जातात, म्हणून हे काम शाळा उघडली की हाती घ्या. आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, तेव्हापासून दिवाळीपर्यंत चार महिने मिळतात. जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाइड दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो, पालकांचं संमतिपत्र आणि वैद्यकीय दाखला: या सगळ्यांच्या दोन-दोन प्रती एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये आणि एक फोटो-प्रत शिक्षकांच्या मोबाइलमध्ये.

नोंदणी खेळ आणि स्पर्धेप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी लागते. चाकांच्या स्पर्धांसाठी जिल्हा संघटनेमार्फत रोलर स्केटिंग फेडरेशनची खेळाडू नोंदणी करावी लागते. शालेय क्रीडा स्पर्धांची वाट वेगळी: ती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून जाते, मग विभाग, मग राज्य. नागपूर विभाग की अमरावती विभाग, हे तुमच्या जिल्ह्यावर ठरतं. आइस हॉकीसाठी राष्ट्रीय संघटनेशी संलग्न राज्य संघटनाच संघ पाठवते आणि त्याची निवड चाचणी होते. सध्या महाराष्ट्रात संलग्न संस्था कोणती, हे भारतीय आइस हॉकी संघटनेला ईमेल करून लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

यावर एवढा जोर देण्याचं कारण आहे. 'राष्ट्रीय' असं नाव लावून स्पर्धा भरवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. प्रवेश फी घेतात, सगळ्यांना पदक देतात, प्रमाणपत्रावर मोठमोठे शिक्के असतात. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी किंवा पुढे नोकरीतल्या खेळाडू आरक्षणासाठी ते प्रमाणपत्र पडताळणीला गेलं की नामंजूर होतं, आणि तेव्हा रडणारी मुलगी आपल्यासमोर असते. म्हणून कोणत्याही स्पर्धेचे पैसे भरण्याआधी परिपत्रक घेऊन जिल्हा क्रीडा कार्यालयात जा आणि विचारा: ही स्पर्धा कोणत्या मान्यताप्राप्त संघटनेची आहे, हिचं प्रमाणपत्र कशासाठी ग्राह्य आहे. सवलतींचे नियम आणि त्यात धरले जाणारे खेळ शासन निर्णयानुसार बदलतात, त्यामुळे ऐकीव माहितीवर विसंबू नका.

मुलींच्या वयोगटांची मर्यादा आणि कोणत्या तारखेला वय मोजायचं, हेही त्या-त्या वर्षीच्या परिपत्रकातूनच बघा. दहावी-बारावीच्या मुलींची वेगळी अडचण असते: जानेवारीत पूर्वपरीक्षा असतात आणि लेहचा हंगामही तेव्हाच. मुख्याध्यापकांशी ऑक्टोबरमध्येच बोलून घ्या. त्या वर्षी जायचं नाही असं घरानं ठरवलं, तर मुलीला दोष देऊ नका. हा खेळ पुढच्या वर्षीही आहे.

तब्येत: हा भाग वगळू नका

लेह समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू आपल्याकडच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी. धडधाकट माणसालाही पहिले दोन दिवस डोकं दुखतं. विदर्भातल्या मुलींच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ आणि अमरावतीचा मेळघाट, या पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. बऱ्याच मुली वाहक असतात आणि त्यांना स्वतःला काही त्रास नसल्यामुळे ते माहीतही नसतं. उंचीवर प्राणवायू कमी पडला, थंडी वाजली, अंगातलं पाणी कमी झालं आणि त्यात जोराचा व्यायाम झाला, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या अडवू शकतात. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलीला अशा उंचीवर नेणं जिवावर बेतू शकतं. वाहक असलेल्यांनाही उंचीवर प्लीहेला इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ आली तर ती लागलीच गंभीर समजायची.

म्हणून संघातल्या प्रत्येक मुलीची सिकलसेल तपासणी करून घ्या, मग ती कोणत्याही समाजाची असो. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात आधी साधी रक्ताची चाचणी होते. ती सकारात्मक आली की पुढची चाचणी करून वाहक की आजारी, हे ठरतं. २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तिच्यात तपासणी मोफत होते आणि कार्डही मिळतं. अहवाल आल्यावर लेहला जायचं की नाही, हा निर्णय डॉक्टरांचा. प्रशिक्षकानं तो घेऊ नये, आणि मुलीच्या हट्टावरही सोडू नये. अहवाल संघात उघड वाचून दाखवू नका, पालकांना बाजूला बसवून सांगा. लग्नाच्या गोष्टीत हे नाव कसं वापरलं जातं ते आपल्याला माहीत आहे. जी मुलगी उंचीवर जाऊ शकत नाही, तिच्यासाठी सपाटीवरचा इनलाइन खेळ डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालू राहू शकतो, आणि तिचं संघातलं स्थान तसंच राहिलं पाहिजे.

याच फेरीत हिमोग्लोबिनही बघून घ्या. बारा वर्षांपुढच्या मुलींत ते बाराच्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. शाळेत आठवड्याला एक मिळणारी लोहाची निळी गोळी खरंच पोटात जाते की दप्तरात राहते, ते विचारा. गोळीवर लगेच चहा पिऊ नये. जंताची गोळी, हिरवी भाजी, गूळ-शेंगदाणे, डाळ, अंडं चालत असेल तर अंडं. ही तयारी जुलैत सुरू केली तर जानेवारीत फरक दिसतो. दमा, हृदयाचा जुना आजार, फिट्स यांबद्दल घरच्यांना मोकळेपणानं विचारा. पाळीच्या वेदना जास्त असणाऱ्या मुलीनं डॉक्टरांशी आधी बोलून औषध सोबत ठेवावं. हे बोलणं बाईंनीच करावं.

अंगावरचं सामान

बर्फावर जाणाऱ्या मुलीला लागतं ते असं: पुढे जाळी असलेलं हेल्मेट, गळ्याचं संरक्षक, दातांचं कवच, खांदे-कोपर-नडगीची पॅडं, ओटीपोटाचं संरक्षक, जाड हातमोजे, पॅड असलेली हॉकी पँट, आइस स्केट आणि काठी. गळ्याच्या संरक्षकाबद्दल तडजोड नाही. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका सामन्यात स्केटचं पातं गळ्याला लागून ॲडम जॉन्सन हा खेळाडू मरण पावला, त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघानं सर्व स्तरांवर ते सक्तीचं केलं. मुलींचे केस हेल्मेटच्या आत बांधलेले हवेत.

हे सगळं प्रत्येकीनं विकत घ्यायचं म्हटलं तर शेतमजुराच्या घराला झेपणार नाही, आणि घेऊही नये. हेल्मेट, गळ्याचं संरक्षक, दातांचं कवच आणि हातमोजे स्वतःचे असावेत. बाकी पॅडं शाळेच्या किंवा मंडळाच्या नावानं दोन-तीन संच घेऊन आळीपाळीनं वापरा. आइस स्केट पहिल्या वर्षी भाड्यानं किंवा उसने घ्या. स्केटचं माप बहुधा चपलेच्या मापापेक्षा एक ते दीड नंबर लहान निघतं, घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. नवं पातं धार लावल्याशिवाय वापरता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

लोकरीच्या कपड्यांसाठी फार लांब जायला नको. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला तिबेटी लोकांची जुनी वसाहत आहे, आणि हिवाळ्यात नागपुरात तिबेटी स्वेटरवाल्यांचा बाजार भरतो. कडाक्याची थंडी म्हणजे काय, हे त्या समाजाला ठाऊक आहे. लेहला जायचंय म्हणून सांगा, ते नेमकी वस्तू काढून देतात. आपण कापूस पिकवणारी माणसं, पण अंगालगत सुती कपडा घालून बर्फावर जाऊ नका. तो घामानं भिजतो आणि लवकर वाळत नाही. आत थर्मल, वर लोकर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. मोज्यांचे निदान चार जोड, कानटोपी, आणि रात्री घालायचे वेगळे कोरडे कपडे.

पहिला बर्फ

थेट स्पर्धेतच पहिल्यांदा बर्फावर उतरवू नका. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेली बंदिस्त रिंक बरीच वर्षं बंद पडून होती, ती आता पुन्हा सुरू झाली आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची स्पर्धा झाली. तिथे किंवा गुरुग्रामच्या रिंकवर आठवडाभराचं शिबिर मिळालं तरी पुष्कळ फरक पडतो. जाण्याआधी फोन करून वेळा आणि दर विचारा. शिमल्याची उघडी रिंक १९२० पासूनची आहे, पण तिचा हंगाम थंडीवर अवलंबून असतो.

चाकांवरून बर्फावर गेल्यावर मुलींना पहिला धक्का थांबण्याचा बसतो. चाक घासून वेग कमी करायची सवय असते. बर्फावर दोन्ही पाय एकदम आडवे करून पात्याच्या कडेनं बर्फ खरवडत थांबायचं असतं, आणि ती कड कुठे पकड घेते ते पायालाच कळावं लागतं. म्हणून पहिले दोन दिवस काठी बाजूला ठेवून फक्त थांबणं, दोन्ही बाजूंनी. बाकीचं सगळं आधी आलेलं असतं, ते चटकन परत येतं.

प्रवास आणि लेहमधले दिवस

हिवाळ्यात लेहला रस्त्यानं जाण्याचा भरवसा नसतो, दिल्लीहून विमानच. नागपूर ते दिल्ली रेल्वेचा प्रवास सरळ आहे. विमानं सकाळची असतात आणि हवामान बिघडलं की रद्द होतात. त्यामुळे दिल्लीत एक मोकळा दिवस आणि परतीच्या रेल्वे तिकिटापूर्वी किमान दोन दिवस राखून ठेवा. स्केट आणि काठ्या हातातल्या सामानात चालत नाहीत, त्या तपासणीच्या सामानात द्याव्या लागतात. वजनाची मर्यादा तिकिटावर आधी वाचा, नाहीतर विमानतळावर जास्तीचे पैसे जातात.

लेहला उतरल्यावर पूर्ण दोन दिवस आराम. फिरायला नाही, रिंकवर नाही, जिन्यावरून पळणंही नाही. मुली उत्साहात असतात, त्यांना थोपवणं हे सोबतच्या मोठ्यांचं काम आहे. कोमट पाणी पुन्हा पुन्हा प्यायला लावा, थंडीत तहान कळत नाही. उंचीवरच्या त्रासाच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या असतील तरच. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे सुरुवातीचं लक्षण, यात आराम करायचा आणि लक्ष ठेवायचं. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर सामना, संघ, खर्च काही बघायचं नाही. लेहच्या सोनम नोर्बू रुग्णालयात लगेच न्यायचं.

रात्री पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसची शेगडी पेटवून कधीही झोपू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूनं झोपेतच जीव जातो. जेवणाला तिथला गरम थुक्पा चांगला. घरून तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, मुरमुऱ्याचा चिवडा द्या. ओळखीची चव असली की पोरी पोटभर खातात, आणि उंचीवर भूक मंदावलेली असताना त्याची गरज असते.

संघासोबत महिला व्यवस्थापक असल्याशिवाय मुलगी पाठवू नका. खोल्या कशा वाटल्या आहेत, रात्री कोण सोबत आहे, फोन कोणाकडे आहे, हे पालकांना आधी लेखी कळलं पाहिजे. कोणत्याही पुरुष प्रशिक्षकानं मुलीला एकटीला खोलीत बोलवायचं नाही, हा नियम सगळ्यांसमोर सांगून टाका. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलींना पाठ असू द्या. काही आई-बाप "कायले पाठवता एवढ्या दूर पोरीले" म्हणून अडून बसतात. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना सरावाला बोलवा, व्यवस्थापक बाईंशी भेट घालून द्या, जमलं तर एका पालकाला संघासोबत न्या. त्यांची शंका रास्त असते आणि तिला उत्तर देणं आपलं काम असतं.

सामन्यांत पहिल्या वर्षी लडाखच्या संघापुढे मोठ्या फरकानं हरण्याची तयारी ठेवा. त्या मुली चालायला लागल्यापासून बर्फावर आहेत. प्रत्येक बदलीत आपल्या पोरींना एकच काम द्या: आपल्या निळ्या रेषेबाहेर चकती काढायची, किंवा समोरचीला धक्का न देता कडेकडे जायला भाग पाडायचं. सामना झाला की लडाखच्या मुलींशी बोलायला पाठवा. त्या काठीला टेप कशी गुंडाळतात, पातं किती दिवसांनी धार लावतात, गोलरक्षक कोन कसा बंद करते, हे त्या आनंदानं दाखवतात.

परत आल्यावर

प्रमाणपत्रावरचं नाव, जन्मतारीख, स्पर्धेचं नाव आणि वर्ष लेह सोडण्याआधीच तपासा. चूक असेल तर आयोजकांकडून तिथेच दुरुस्त करून घ्या, नंतर पत्रव्यवहारात वर्ष जातं. परिपत्रक, निवडपत्र आणि सामन्यांचे निकाल प्रमाणपत्रासोबत जपा, पडताळणीला ते मागतात. शाळेत एक प्रत द्या, जिल्हा क्रीडा कार्यालयात एक.

स्केटचं पातं पुसून, कोरडं करून, हलका तेलाचा हात लावून कापडात गुंडाळा. आपल्या पावसाळ्यात ते गंजतं. पॅडं दोन दिवस सावलीत वाळवा. आणि पुढच्या रविवारी ओट्यावर नव्या मुलींना बोलवा. पडायला कसं शिकायचं, ते आता लेहला जाऊन आलेल्या मुलींनी त्यांना शिकवायचं.